संदर्भाच्या एका ओळीपासून हातातल्या प्रतीपर्यंत: संयुक्त ऑनलाइन तालिका कशी वापरावी

मार्गदर्शक संदर्भसूचीतल्या एका ओळीवर खूण करतात, "हे बघून घ्या" म्हणतात, आणि तिथून नव्या संशोधकाची ग्रंथालयाशी खरी गाठ पडते. बहुतेक जण ती ओळ सर्च इंजिनात चिकटवतात. प्रकाशकाचं पान उघडतं, पैसे मागतं, आणि "हे काही मिळत नाही" असं म्हणून विषय संपतो. वास्तविक तोच लेख कित्येकदा स्वतःच्याच ग्रंथालयाने वर्गणी भरून घेतलेला असतो, नाहीतर दुसऱ्या एखाद्या विद्यापीठाच्या रॅकवर असतो आणि रीतसर मागितला तर येतो.

घोळ होतो तो दोन यंत्रणा एकच समजल्यामुळे. तालिका, म्हणजे ग्रंथालयाचा कॅटलॉग, सांगते की अमुक पुस्तक आहे, त्याची ही आवृत्ती आहे आणि ते या या ठिकाणी आहे. ते तुम्हाला आत्ता उघडता येईल का, हे ठरवणारी यंत्रणा वेगळी: लॉगिन, परवाने, देवघेवीचे नियम. आपण या दोहोंपैकी कुठे अडलो आहोत एवढं कळलं तरी पुढे काय करायचं ते कळतं. खालचा क्रम त्याच हिशोबाने लावला आहे.

आधी ओळ नीट वाचा

समोरची ओळ पुस्तकाची आहे, पुस्तकातल्या प्रकरणाची आहे, नियतकालिकातल्या लेखाची आहे की प्रबंधाची, हे पहिल्यांदा ठरवा. बाळबोध वाटेल, पण "तुमच्याकडे नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांची गाडी हमखास इथेच घसरलेली असते. तालिकेतली एक नोंद म्हणजे ग्रंथालयाने घेतलेली एक वस्तू: एक ग्रंथ, एक नियतकालिक, एक नकाशा. संपादित ग्रंथातल्या सातव्या प्रकरणाची नोंद सहसा वेगळी नसते. तेव्हा प्रकरणाचं नाव टाकू नका. "मध्ये" किंवा "इन" या शब्दानंतर जे ग्रंथाचं नाव येतं ते टाका. ओळीत खंड, अंक आणि पानं असतील तर तो लेख; मग तालिकेत नियतकालिकाचं नाव शोधायचं. ते नाव आखडून लिहिलेलं असेल तर आधी पूर्ण नाव मिळवा, कारण आखडलेल्या नावाने तालिका दाद देईलच असं नाही.

ओळख पटवणारे क्रमांक बाजूला लिहून घ्या. पुस्तकाला आयएसबीएन असतो, नियतकालिकाला आठ अंकी आयएसएसएन, आणि अलीकडच्या लेखांना डीओआय, जो नेहमी १० या अंकाने सुरू होतो. छापील आणि ऑनलाइन नियतकालिकाचे आयएसएसएन वेगवेगळे असतात. एकाने सापडलं नाही तर दुसऱ्याने बघा.

कोणत्या खिडकीत शोधायचं

ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर साधारण तीन खिडक्या असतात, आणि त्या एकसारख्या दिसतात हीच अडचण आहे.

पहिली म्हणजे ओपॅक, तुमच्या ग्रंथालयाची स्वतःची तालिका. रॅकवर काय आहे, कोणाच्या नावावर गेलं आहे, कधी परत येणार, हे फक्त तिलाच खात्रीने माहीत असतं. दुसरी डिस्कव्हरी सर्च. हिच्यात ओपॅकबरोबर लाखो लेखांची सूचीही मिसळलेली असते, म्हणून लेखाचं नाव थेट टाकता येतं; पण निकालांचा एवढा ढीग पडतो की नेमकं पुस्तक शोधायला ती फारशी कामाची नाही, असं माझं मत आहे. तिसरी संयुक्त तालिका, म्हणजे अनेक ग्रंथालयांनी मिळून चालवलेली. वर्ल्डकॅट ही जगभरातल्या ग्रंथालयांची सर्वांत मोठी. शिवाय स्वीडनची लिब्रिस, फ्रान्सची स्युडॉक, जपानची सायनी बुक्स, ऑस्ट्रेलियाची ट्रोव्ह, ब्रिटनची लायब्ररी हब डिस्कव्हर, भारतीय विद्यापीठांची इंडकॅट अशा कितीतरी आहेत. कार्ल्सरूहे व्हर्च्युअल कॅटलॉग हा जरा निराळा प्रकार. १९९६ पासून चालणाऱ्या या सेवेकडे स्वतःची एकही नोंद नाही. तुमचा शोध ती एकाच वेळी अनेक तालिकांकडे पाठवते आणि उत्तरं गोळा करून दाखवते.

पुस्तक हवं असेल तर ओपॅक, मग संयुक्त तालिका. लेख हवा असेल तर डिस्कव्हरी. हा क्रम मोडायला सबळ कारण लागतं.

संयुक्त तालिका मुळात वाचकांसाठी जन्मलेलीच नाही, हे ठाऊक असलं की तिच्या खोडी समजतात. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या महाविद्यालयांनी १९६७ मध्ये ओसीएलसी (आज वर्ल्डकॅट चालवते ती) ही संस्था काढली, ती तालिकाकारांची मेहनत वाचवण्यासाठी. एकच पुस्तक पन्नास ग्रंथालयं घेत होती आणि पन्नास जण तीच नोंद नव्याने लिहीत होते. २६ ऑगस्ट १९७१ रोजी ओहायो विद्यापीठाच्या ऑल्डन ग्रंथालयात ऑनलाइन तालिकीकरण सुरू झालं. एकाने नोंद करायची, बाकीच्यांनी तिला "आमच्याकडेही आहे" एवढी खूण जोडायची. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांनी साठच्या दशकात मार्क हा यंत्राला वाचता येणारा नोंदीचा आराखडा तयार केला होता, म्हणून हे जमलं. आजही पडद्यामागे तीच खूण असते. ती लावली जाते पुस्तक आल्यावर. पुस्तक हरवलं, रद्दीत गेलं तर ती काढायची आठवण प्रत्येक ग्रंथालयाला राहतेच असं नाही.

शोध टाकताना

नवखे लोक फार टाकतात. पूर्ण शीर्षक, उपशीर्षक, लेखकाचं पूर्ण नाव, वर्ष, सगळं एकदम. त्यातलं एक अक्षर नोंदीशी जुळलं नाही की निकाल शून्य. लेखकाचं आडनाव आणि शीर्षकातले दोन ठळक शब्द, एवढं सुरुवातीला पुरतं. निकाल जास्त आले तर वर्षाची किंवा भाषेची गाळणी लावा.

आयएसबीएन हा सर्वांत अचूक मार्ग वाटतो आणि तोच कधी कधी फसवतो. पुठ्ठा बांधणी, कागदी बांधणी आणि ई-पुस्तक यांचे आयएसबीएन वेगळे असतात. तुमच्या ओळीतला क्रमांक कागदी बांधणीचा आणि ग्रंथालयाकडे पुठ्ठा बांधणी, तर "सापडलं नाही" असं उत्तर येऊ शकतं, पुस्तक समोर असताना. दुसरी भानगड लांबीची. १ जानेवारी २००७ पासून आयएसबीएन तेरा अंकी झाला. त्याआधीच्या पुस्तकांवर दहा अंकी असतो. दहाचा तेरा करताना पुढे ९७८ लावून भागत नाही, शेवटचा तपासणी अंकही बदलतो: ०-३०६-४०६१५-२ याचा तेरा अंकी अवतार ९७८-०-३०६-४०६१५-७ असा होतो. बऱ्याच तालिका हे रूपांतर स्वतः करतात. करत नसतील तर पुस्तकावर छापलेलाच क्रमांक मधल्या आडव्या रेघांशिवाय टाका. आयएसबीएनने हुकलं तर लगेच शीर्षकावर या.

मराठी किंवा देवनागरीतली इतर पुस्तकं परदेशी तालिकेत शोधताना वेगळीच गंमत होते. अनेक नोंदी रोमन लिप्यंतरात असतात, आणि ते लिप्यंतर आपण मोबाइलवर करतो तसं नसतं. ग्रंथालयांच्या प्रचलित पद्धतीत 'च' साठी नुसता सी येतो, सीएच हा 'छ' साठी राखलेला. म्हणजे 'चरित्र' शोधायचं तर सीएच टाकून हाती काही लागत नाही, सी-ए-आर-आय-टी-आर-ए असं टाकावं लागतं. 'ज्ञान' आपण डी-एन-वाय ने लिहितो; तिथे ते जे-एन-ए-एन-ए असतं. शब्दाच्या शेवटचा न उच्चारला जाणारा 'अ' सुद्धा लिहिलेला असतो, त्यामुळे 'इतिहास' च्या शेवटी जास्तीचा ए लागतो. अक्षरांवरच्या रेघा आणि टिंबं टाकायची गरज सहसा पडत नाही. शेवटाबद्दल शंका असेल तर शब्द अर्धा लिहून पुढे तारांकित चिन्ह द्या. बहुतेक तालिका पुढची अक्षरं स्वतः भरतात.

आता अनेक नोंदींत मूळ लिपीही जोडलेली असते, म्हणून देवनागरीत एकदा शोधून बघायलाच हवं. तिथे शुद्धलेखन आडवं येतं. १९६२ च्या नियमांआधीच्या पुस्तकांच्या शीर्षकांत आज आपण देत नाही असे अनुस्वार असतात, आणि तालिकाकाराने ते मुखपृष्ठावर होते तसेच उतरवलेले असतात. 'नाव' सापडलं नाही तर 'नांव' टाकून बघा.

नोंद वाचताना डोळे कुठे ठेवायचे

निकालांच्या यादीत एकच पुस्तक चार वेळा दिसलं तर गोंधळू नका. वेगवेगळ्या आवृत्त्या असतील, छापील आणि ई-प्रत असेल, किंवा दुसऱ्या भाषेत काम करणाऱ्या तालिकाकाराने त्याच पुस्तकाची स्वतंत्र नोंद केली असेल. प्रत्येक नोंदीखालची ग्रंथालयं वेगळी असतात. पहिल्या नोंदीखाली जवळचं ग्रंथालय नाही म्हणून सोडून दिलं, आणि ते तिसऱ्या नोंदीखाली होतं, असं सर्रास होतं. चारही उघडा.

मग आवृत्ती. तुमच्या ओळीतला पान क्रमांक दुसऱ्या आवृत्तीचा असेल आणि तुम्ही पाचवी मागवली तर ते वाक्य त्या पानावर सापडणार नाही. नोंदीतली एकूण पानंही बघून घ्या: ओळीत पृष्ठ ४१२ म्हटलं आहे आणि नोंदीत पुस्तक ३१० पानांचं आहे, तर काहीतरी चुकलं आहे, आणि हे मागणी करण्याआधी कळलेलं बरं.

नियतकालिकाची नोंद वाचणं ही एक कलाच आहे. अमुक नियतकालिक "आहे" यावर कधी विश्वास ठेवू नका. त्याखालची संग्रहाची ओळ वाचा. ती साधारण अशी असते:

खं. १ (१९५८) – खं. ३९, क्र. २ (१९९६). उणे: खं. १२, क्र. ३.

म्हणजे १९९६ च्या दुसऱ्या अंकानंतर वर्गणी थांबली आणि बाराव्या खंडाचा तिसरा अंक हरवला आहे. शेवटी आकडा नसून नुसती रेघ लोंबकळत असेल तर वर्गणी चालू आहे असं समजायचं. तुमचा लेख १९९९ चा असेल तर या ग्रंथालयाचा उपयोग नाही, पुढचं बघा. नियतकालिकं नावंही बदलतात. जुन्या नावाची एक नोंद, नव्या नावाची दुसरी. दोन्हीत "याआधीचे नाव", "यानंतरचे नाव" असे दुवे असतात, आणि हवी ती वर्षं त्या दुसऱ्या नोंदीत असतात.

शेवटी, संयुक्त तालिकेतून त्या ग्रंथालयाच्या स्वतःच्या ओपॅकवर जा आणि प्रतीची सद्यस्थिती बघा. वाचकाकडे गेलेलं पुस्तक राखून ठेवता येतं. "फक्त ग्रंथालयात वापरासाठी" असेल तर बाहेर मिळणार नाही, पण एखाद्या प्रकरणाची प्रत मिळू शकते. कॉल नंबर, म्हणजे रॅकवरची जागा सांगणारा क्रमांक, पूर्ण उतरवून घ्या, शेवटच्या अक्षरांसकट. त्यांच्याशिवाय रॅकसमोर उभं राहून शोधत बसाल.

ई-प्रत उघडत नाही तेव्हा

इथून दुसरी यंत्रणा सुरू होते. प्रकाशकाला तुमचं नाव माहीत नसतं. त्याला एवढंच कळायला हवं असतं की वर्गणी भरलेल्या संस्थेतून हा माणूस आला आहे. ते कळण्याच्या तीन वाटा आहेत.

संस्थेच्या आवारात असाल तर संगणकाच्या आयपी पत्त्यावरून ओळख पटते, तुम्हाला काही करावं लागत नाही. म्हणूनच "वाचनालयात उघडत होतं, घरी उघडत नाही" असं होतं. घरून वापरायचं तर प्रॉक्सी किंवा व्हीपीएन (याने तुमचा संगणक संस्थेच्या जाळ्यात असल्यासारखा दिसतो). प्रॉक्सीत तुम्ही ग्रंथालयाच्या दुव्यावरून जाता, संस्थेचं लॉगिन टाकता, आणि पुढची पानं ग्रंथालयाच्या सर्व्हरमार्गे येतात. पत्त्याच्या चौकटीत प्रकाशकाच्या नावाला तुमच्या संस्थेचं शेपूट जोडलेलं दिसलं की समजायचं, आपण आत आहोत. ते शेपूट नसेल तर प्रकाशकाच्या लेखी तुम्ही रस्त्यावरचे कोणीही आहात, मग लॉगिन दहा मिनिटांपूर्वी केलेलं असलं तरी.

तिसरी वाट संस्थात्मक लॉगिनची. प्रकाशकाच्या पानावर "संस्थेमार्फत प्रवेश" किंवा "शिबोलेथ" असं काही लिहिलेलं बटण असतं, बहुधा कोपऱ्यात बारीक अक्षरांत. त्यावर संस्थेचं नाव शोधायचं. अधिकृत इंग्रजी नाव टाका, आपण बोलताना वापरतो ते आद्याक्षरांचं नाव तिथे नसण्याचीच शक्यता अधिक. मग तुमच्याच संस्थेचं लॉगिन पान उघडतं. पासवर्ड प्रकाशकाकडे जात नाही. तुमची संस्था त्याला फक्त "हो, हे आमचे सदस्य आहेत" असं कळवते. पासवर्ड टाकण्याआधी पान खरंच संस्थेचं आहे ना, एवढं मात्र बघा.

शिक्षण संपल्यावर हे लॉगिन बंद होतं. अनेक परवान्यांत ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन वाचणाऱ्या बाहेरच्या वाचकाला मुभा असते. ही सोय कुठे ठळक लिहिलेली नसते, विचारावी लागते.

निकालासमोर "पूर्ण मजकूर शोधा" असं बटण दिसेल. ते लेखाची माहिती ओपनयूआरएल नावाच्या ठरीव पद्धतीने ग्रंथालयाच्या लिंक रिझॉल्व्हरकडे पाठवतं, आणि तो संस्थेच्या वर्गण्यांची यादी बघून तुम्हाला योग्य ठिकाणी नेतो. कधी तो चुकतो. माहितीत खंड किंवा वर्ष चुकलेलं असतं, नाहीतर यादीच जुनी असते. "उपलब्ध नाही" असं उत्तर आलं तर लगेच हार मानू नका. त्याच पानावरून नियतकालिकाच्या मुख्य पानावर जा आणि खंड, अंक, पान असं पायरीपायरीने उतरा. आणखी एक अडसर म्हणजे ठरावीक काळाची बंदी. जेस्टोरसारख्या संग्रहात अनेक नियतकालिकांचे अलीकडच्या काही वर्षांचे अंक मुद्दाम ठेवलेले नसतात. ही हद्द दरवर्षी पुढे सरकते, म्हणून तिला मूव्हिंग वॉल म्हणतात. तिथे जुना अंक उघडला आणि नवा उघडला नाही तर तुमच्या लॉगिनमध्ये बिघाड शोधत बसू नका. तो नवा अंक दुसऱ्या एखाद्या वर्गणीत असू शकतो.

मोफत आणि कायदेशीर प्रत

पैसे भरण्याआधी हे बघायचंच. अनपेवॉल हे ब्राउझरचं छोटं पूरक साधन लेखाच्या पानावर डीओआय ओळखून कुठे मुक्त प्रत आहे का ते शोधतं. अशी प्रत बहुधा लेखकाच्या विद्यापीठाच्या संग्रहात ठेवलेली, स्वीकृत हस्तलिखिताच्या रूपात असते. मजकूर जवळपास तोच, पण पान क्रमांक छापील अंकाचे नसतात. अवतरण देणार असाल तर पान क्रमांक अंतिम छापील आवृत्तीवरून ताडून घ्या. प्रबंधांसाठी वेगळे संग्रह आहेत. भारतीय विद्यापीठांचे शोधगंगेवर मिळतात.

हाथीट्रस्ट या स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या ऑनलाइन संग्रहाचा एक उपयोग फार कमी लोक करतात. कॉपीराइट असलेलं पुस्तक तिथे वाचता येत नाही, पण त्याच्या आत शोधता येतं: अमुक शब्द कोणत्या पानावर किती वेळा आला, एवढं कळतं. सहाशे पानांच्या ग्रंथातलं नेमकं कोणतं प्रकरण मागवायचं, हे त्यावरून ठरतं.

दुसऱ्या ग्रंथालयातून मागवताना

सगळ्या वाटा बंद झाल्या की आंतरग्रंथालयीन देवघेव. विनंती तुम्ही दुसऱ्या ग्रंथालयाला करत नाही, आपल्या ग्रंथालयाला करता. पुढचा व्यवहार ते बघतात. संयुक्त तालिकेचा खरा फायदा इथे होतो, कारण नोंदीतला ओसीएलसी क्रमांक अर्जात लिहिला की कोणती आवृत्ती याबद्दल वाद उरत नाही. संयुक्त तालिकेत लॉगिन केलेलं असेल तर "मागणी करा" हे बटण अर्ज स्वतःच भरून देतं. तरी पाठवण्याआधी एकदा वाचा.

अर्जात भरा: लेखक, शीर्षक, आवृत्ती, वर्ष, आयएसबीएन; लेखासाठी नियतकालिकाचं नाव, आयएसएसएन, खंड, अंक, पानं. दुसरी आवृत्ती चालणार असेल तर तसं लिहा, नाहीतर कर्मचारी नेमकी तीच शोधत राहतील. कधीपर्यंत हवं आहे ती तारीख खरी लिहा. "तातडीने" या शब्दाला काही अर्थ नसतो. आणि हा संदर्भ तुम्हाला कुठे सापडला तेही कळवा. मूळ संदर्भच चुकीचा असल्याने कितीतरी मागण्या अडतात, आणि तो स्रोत हाती असला की कर्मचारी चूक शोधून काढतात.

काही गोष्टी येत नाहीत: दुर्मीळ ग्रंथ, संदर्भग्रंथ, नियतकालिकांचे बांधीव खंड. लेख आणि प्रकरणं स्कॅन होऊन येतात, त्यामुळे एकाच प्रकरणाची गरज असेल तर अख्खं पुस्तक मागवू नका. ई-पुस्तक उसनं देण्याची परवानगी परवान्यात बहुधा नसते. संयुक्त तालिकेत शंभर ग्रंथालयांकडे ई-प्रत दिसली तरी छापील प्रत असलेलं ग्रंथालय शोधा. पुस्तक आलं की मुदत आणि अटी देणाऱ्या ग्रंथालयाच्या असतात. मुदतवाढ तुमच्या काउंटरवर मिळेलच असं नाही, आणि "वाचनालयातच वाचावे" अशी चिठ्ठी असेल तर ती पाळावी लागते.

दुवा जपून ठेवताना, आणि मदत मागताना

शोधनिकालाच्या पानाचा पत्ता बुकमार्क करू नका. त्यात फक्त त्या वेळच्या वापराची (सेशनची) खूण असते, आणि उद्या तो मेलेला असतो. नोंदीवर "कायमचा दुवा" किंवा "पर्मालिंक" असतो तो घ्या, लेखासाठी डीओआय. नोंद झोटेरोसारख्या, संदर्भ जमवून ठेवणाऱ्या साधनात थेट उतरवता येते, पण शीर्षकातली मोठी-लहान अक्षरं आणि संपादकाला लेखक बनवण्याची त्याची सवय, या दोन गोष्टी लगेच तपासा.

एखादी तालिका बंद पडली तर थांबून राहू नका. ऑक्टोबर २०२३ मधल्या सायबर हल्ल्यानंतर ब्रिटिश लायब्ररीची मुख्य तालिका जानेवारी २०२४ पर्यंत ऑनलाइन नव्हती. त्या काळात तिथल्या ग्रंथांच्या प्रती इतरत्र कुठे आहेत हे दुसऱ्या संयुक्त तालिकांतून शोधता येत होतंच.

ग्रंथपालांना लिहिताना "लिंक चालत नाही" एवढंच कळवलं तर उत्तरादाखल चार प्रश्न येतात. त्याऐवजी संदर्भाची पूर्ण ओळ, तुम्ही कोणत्या पानावरून निघालात, कुठल्या दुव्यावर दाबलं, पत्त्याच्या चौकटीत काय दिसत होतं, आवारात होता की बाहेर, आणि पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा, एवढं एकाच पत्रात पाठवा. पडद्याचा फोटो काढताना वरचा पत्ता कापू नका.